मुरुमांच्या उपचारातील सातत्य

त्वचारोगतज्ज्ञाने लिहून दिलेली औषधे ठरलेल्या प्रमाणात, ठरलेल्या वेळी आणि ठरलेल्या मुदतीपर्यंत घेत किंवा लावत राहणे, याला उपचारातील सातत्य म्हणतात. वैद्यकात पूर्वी यासाठी ‘आज्ञापालना’ची भाषा होती. आता रुग्णाला उपचार पटलेला असणे हाही सातत्याचाच भाग मानतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालानुसार विकसित देशांतही दीर्घकालीन आजारांत सातत्याचे प्रमाण सरासरी ५० टक्केच असते. मुरुमे हाही महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे चालणारा आजार आहे. मात्र रुग्ण त्याकडे सर्दी-पडशासारखे पाहतो, आणि अडचण तिथूनच सुरू होते.

आज दिसणाऱ्या पुटकुळीची सुरुवात काही आठवड्यांपूर्वी झालेली असते. केसाच्या मुळाशी मृत पेशी आणि तैलद्रव्य साचून छिद्र बुजते, पण ते डोळ्यांना दिसत नाही. ॲडापालिन, ट्रेटिनॉइन यांसारखी रेटिनॉइड औषधे प्रामुख्याने या न दिसणाऱ्या टप्प्यावर काम करतात. त्यामुळे फरक जाणवायला ८ ते १२ आठवडे लागतात. त्वचा कोरडी पडणे, सोलवटणे, चुरचुरणे मात्र पहिल्या काही आठवड्यांतच सुरू होते, आणि काहींची मुरुमे सुरुवातीला वाढल्यासारखीही वाटतात. त्रास रोखीचा आणि गुण उधारीवर, असा हा व्यवहार. तिसऱ्या आठवड्यात ट्यूब कपाटात टाकणाऱ्या रुग्णाला आळशी म्हणणे म्हणूनच अन्यायाचे आहे. आरशात जे दिसले त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष तर्काला धरूनच असतो.

सातत्य तुटण्याचे प्रकारही वेगवेगळे असतात. काही जण चिठ्ठी घेऊन जातात, पण औषध विकतच घेत नाहीत. काही सुरू करून सोडतात. सर्वांत फसवा प्रकार तिसरा : औषध रोज लावले जाते, पण चुकीचे. रेटिनॉइड जेल संपूर्ण मुरूमप्रवण भागावर लावायचे असते. रुग्ण ते मलमपट्टीसारखे फुगलेल्या पुटकुळीवर टेकवतो आणि शेजारची बुजू लागलेली छिद्रे तशीच राहतात. याच्या उलट, लवकर गुण यावा म्हणून जाड थर देणारेही असतात. त्यांची मुरुमे लवकर जात नाहीत, त्वचा मात्र भाजल्यासारखी लाल होते. वाटाण्याएवढे जेल बोटावर घेऊन कपाळ, दोन्ही गाल, नाक आणि हनुवटी यांवर ठिपके द्यायचे आणि मग पसरायचे, हे तपासणीच्या खोलीतच एकदा करून दाखवणे छापील पत्रकापेक्षा जास्त उपयोगी पडते.

पहिल्या भेटीत काय सांगितले जाते, यावर पुढचे बरेच अवलंबून असते. ‘त्वचा सोलवटेल, घाबरू नका, एक रात्र आड लावा, वर मॉइश्चरायझर लावा, सवय झाली की रोज’ एवढे आधी कळले, तर तोच त्रास अपेक्षित ठरतो, नंतर सांगितले तर ती सारवासारव वाटते. मुरुमांवर लावायच्या बेंझॉइल पेरॉक्साइड या जंतुनाशक औषधाने उशीचे अभ्रे, टॉवेल आणि रंगीत कपडे यांचा रंग उडतो. ही बाब किरकोळ वाटते, पण एखादा आवडता शर्ट खराब झाला की औषध बंद पडते. डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाची गोळी भरपूर पाण्याबरोबर घ्यावी आणि लगेच आडवे होऊ नये. नाहीतर अन्ननलिकेत जळजळ होते. तीव्र मुरुमांसाठी पोटात घ्यायचे आयसोट्रेटिनॉइन स्निग्ध पदार्थ असलेल्या जेवणाबरोबर नीट शोषले जाते. गर्भावर त्याचे गंभीर दुष्परिणाम होत असल्याने गर्भधारणा टाळण्याचे नियम उपचाराइतकेच काटेकोर पाळावे लागतात.

औषधांची संख्या कमी करणे हा सर्वांत साधा उपाय. सकाळी एक, रात्री दोन, मध्ये गोळी, असे वेळापत्रक कागदावरच शोभते. ॲडापालिन आणि बेंझॉइल पेरॉक्साइड किंवा क्लिंडामायसिन हे प्रतिजैविक आणि बेंझॉइल पेरॉक्साइड एकाच ट्यूबमध्ये मिळते आणि दिवसातून एकदा लावले की भागते. दात घासण्यासारख्या ठरलेल्या सवयीला जेल जोडून देणेही सोपे जाते. मोबाइलवरील स्मरणसंदेशांवर मात्र फार विसंबू नये. ते विसरणाऱ्याला मदत करतात, औषधाला कंटाळलेल्याला नाही.

सातत्य मोजणे अवघड असते. विचारले की बहुतेक जण ‘रोज लावतो’ म्हणतात. झाकण उघडल्याची वेळ नोंदवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्या संशोधनात वापरल्या जातात. त्यांतून दिसते की दिवस जातील तसा वापर घटतो आणि डॉक्टरांच्या भेटीची तारीख जवळ आली की तो वाढतो. म्हणून पहिली फेरतपासणी लवकर ठेवण्याला अर्थ आहे. रोजच्या व्यवहारात ट्यूब सोबत आणायला सांगणे पुरते. रोज पाव ते अर्धा ग्रॅम जेल लागते असे धरले, तर १५ ग्रॅमची ट्यूब एक ते दोन महिन्यांत संपायला हवी. तीन महिन्यांनी ती अर्धी भरलेली असेल, तर औषध बदलण्याआधी संभाषण बदलावे लागते.

चेहरा स्वच्छ झाल्यावरचा टप्पा सर्वांत दुर्लक्षित राहतो. प्रतिजैविकाच्या गोळ्या साधारण तीन महिन्यांत थांबवतात, कारण जिवाणूंमध्ये प्रतिरोध वाढतो. रेटिनॉइड जेल मात्र पुढेही चालू ठेवायचे असते. रुग्ण दोन्ही एकदम बंद करतो. पुटकुळ्या परत दिसू लागेपर्यंत काही आठवडे उलटतात. त्यामुळे बंद केलेले जेल आणि परतलेली मुरुमे यांची सांगड त्याच्या मनात लागत नाही, आणि पुढच्या भेटीत तो सांगतो की औषधाचा गुण टिकला नाही.