इंग्लिश शेतमजूर पूर्वजाचा माग : हे कागद तयार झाले तरी कशामुळे

पॅरिशची, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावाची, रजिस्टरं १५३८ पासून आहेत हे शोध घेणाऱ्या सगळ्यांना माहीतच असतं, त्यामुळे त्यात फार शिरत नाही. बाप्तिस्मा, लग्न, दफन, तीन ओळींत माणूस संपला. बाप काय काम करायचा हेसुद्धा १८१३ ला छापील फॉर्म येईपर्यंत बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं नसतं. मजुराकडे जमीन नाही, मृत्युपत्र नाही. त्याच्याबद्दल जे काही धड कळतं ते मुख्यतः एका भांडणामुळे, ते म्हणजे हा उद्या भुकेला पडला तर पोसायचा कोणी.

१६०१ च्या कायद्याने गरिबांचा खर्च पॅरिशवर टाकला, पैसा तिथल्याच घर-जमीनवाल्यांकडून कर लावून उभा करायचा. मग १६६२ ला सेटलमेंटचा कायदा आला; सेटलमेंट म्हणजे माणूस कोणत्या पॅरिशचा, आणि म्हणून त्याला पोसायची जबाबदारी कोणाची. नवीन माणूस वर्षाला १० पौंडांपेक्षा कमी भाड्याच्या जागेत राहत असेल आणि पुढेमागे अंगावर पडेल असं वाटलं, तर ४० दिवसांत तक्रार करून त्याला मूळ पॅरिशला परत धाडता यायचं. नुसतं वाटलं तरी! १७९५ नंतर प्रत्यक्ष मदत मागेपर्यंत हाकलता येईना, पण अविवाहित गरोदर बाईला ही सूट नाही, कारण अनौरस मूल सहसा जिथे जन्मेल तिथलं धरलं जायचं, म्हणून दिवस भरायच्या आत तिला हद्दीबाहेर काढायची घाई.

खरा गुंता सेटलमेंट मिळायची कशी यात आहे. बापाकडून मिळायची, बाईला नवऱ्याकडून, अ‍ॅप्रेंटिस राहिलं की मिळायची, आणि शेतमजुरासाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लग्नाआधी एका मालकाकडे पूर्ण एक साल काम. आपल्याकडे पाडव्याला सालगडी ठरतो तसं तिथे, विशेषतः दक्षिणेत, २९ सप्टेंबरच्या मायकेलमसला साल धरायचे. वर्ष पूर्ण भरलं की गड्याचा भार त्या पॅरिशवर, मग काही शेतकरी करारच ५१ आठवड्यांचा करायचे, आणि कर भरणारे तेच, कामाला ठेवणारेही तेच, त्यामुळे विचारणार कोण. कोणी याला त्या काळची रीत म्हणो, मला ती सरळ लबाडी वाटते.

पण याच लबाडीपायी पॅरिशा एकमेकांशी भांडायच्या आणि मजुराला मॅजिस्ट्रेटांपुढे उभं करून शपथेवर जबानी घेतली जायची. जन्म कुठला, कोणाकडे किती साल काढलं, पगार काय ठरला होता, लग्न कुठे झालं, पोरं केवढी, सगळं त्यात येतं, आणि खाली सहीच्या जागी फुली. लिहिणारा कारकून असला तरी सांगणारा तोच. या जबान्या टिकल्यात तिथे माग काढणाऱ्याची चंगळ.

१८३४ च्या नव्या पुअर लॉने, म्हणजे गरिबांच्या मदतीच्या कायद्याने, सालाच्या नोकरीतून सेटलमेंट मिळणं बंद केलं, अनेक पॅरिशा मिळून एकेक युनियन, म्हणजे गट, केला, आणि गरिबांना ठेवून काम करून घेणारी वर्कहाउसं उभी राहिली. १८४६ ला पाच वर्षं सलग राहिलेल्याला हाकलता येईना, १८६१ ला ती तीन झाली, १८६५ ला एकच, आणि खर्चही युनियनवर गेला. मजुरासाठी बरंच झालं म्हणायचं, पण जबान्या आटल्या.

त्यांच्या जागी आली जनगणना. १८४१ मध्ये शेतमजुरापुढे नुसतं ‘अ‍ॅग लॅब’ (अ‍ॅग्रिकल्चरल लेबरर, शेतमजूर), वय पंधराच्या वर असेल तर बहुतेक वेळा पाचाच्या पटीत खाली ओढलेलं, आणि जन्म याच काउंटीत (जिल्ह्यात) झाला का, हो किंवा नाही. १८५१ पासून जन्माची पॅरिश आणि घरप्रमुखाशी नातं मिळतं, खरा शोध तिथून चालू करावा, आणि १८३७ च्या जुलैपासूनचे जन्म-मृत्यूचे दाखले जोडीला घ्यावेत. बायकांचा कामधंद्याचा रकाना मात्र बऱ्याचदा कोरा. खुरपणीला, कापणीला त्या शेतात असायच्या, पण मोसमी काम धरलंच जायचं नाही.

१९११ च्या जनगणनेचा फॉर्म सहसा घरच्याच माणसाने भरलेला असतो, तेवढंच अक्षर बघायला मिळतं. पुढे १९२१ ची उघडी आहे, १९३१ ची १९४२ च्या आगीत जळाली, १९४१ ला युद्धामुळे झालीच नाही, आणि शंभर वर्षं बंद ठेवायच्या नियमाने १९५१ ची २०५२ ला येईल. तोवर मधल्या काळासाठी १९३९ च्या युद्धकालीन नोंदणीवर भागवावं लागतं.