पवनचक्की, उभ्या आसाची (रेटाचालित)

जमिनीवर उभा आस आणि त्याभोवती वाऱ्याच्या रेट्याने ढकलली जाणारी पाती, शिडे किंवा वाट्या अशी रचना असलेली पवनचक्की. डोंगरमाथ्यांवर दिसणाऱ्या वीजनिर्मितीच्या पवनचक्क्या आडव्या आसाच्या असतात. त्यांच्या पात्यांचा छेद विमानाच्या पंखासारखा असून त्यांना फिरवणारे बल वाऱ्याच्या दिशेला आडवे निर्माण होते (उत्थापक बल). प्रस्तुत प्रकारात पाते वाऱ्याबरोबर ढकलले जाते (कर्षण) आणि उरलेला अर्धा फेरा वाऱ्याला तोंड देत परत येते. परतीच्या या वाटेवरचा विरोध कसा कमी करायचा, हा आराखड्यातला मुख्य प्रश्न आहे. त्याची तीन उत्तरे निरनिराळ्या प्रदेशांत निघाली: परतीच्या बाजूला भिंतीचा आडोसा करणे, शीड आपोआप वळून वाऱ्याला धार दाखवील अशी सोय करणे, आणि पात्याची एक बाजू पोकळ व दुसरी फुगीर ठेवणे.

इतिहास : या यंत्राचा उगम इराणच्या पूर्वेकडील सिस्तान प्रदेशात झाला, असे सामान्यतः मानले जाते, कालाविषयी मात्र एकमत नाही. अनेक संदर्भग्रंथांत ६४४ हे वर्ष दिलेले आढळते. त्याचा आधार एका कथेत आहे. खलिफा उमर यांचा वध करणारा अबू लुलुआ हा इराणी कारागीर ‘मी वाऱ्यावर चालणारे जाते करू शकतो’ असे म्हणत असल्याचे खलिफांच्या कानावर आले होते, अशी ती कथा. ती नोंदवणाऱ्या अल्-तबरी या इतिहासकाराचा मृत्यू ९२३ मधला, म्हणजे घटना आणि लेखन यांच्यात दोन शतकांहून अधिक अंतर आहे. शिवाय कथा खरी धरली तरी तिच्यातून कारागिराचा दावा तेवढा कळतो. चालती चक्की कोठे उभी होती असे त्यात नाही. त्यामुळे ६४४ हे उगमाचे वर्ष म्हणून देणे धाडसाचे ठरते. दहाव्या शतकातील अल्-मसूदी (मृत्यू ९५६) आणि अल्-इस्तख्री यांच्या लेखनाचा आधार अधिक भक्कम आहे. सिस्तान हा वारा आणि वाळूचा मुलूख असून तेथे वाऱ्यावर जाती चालतात, असे ते सांगतात. मसूदी वाऱ्याने पाणी उपसून बागा भिजवल्याचाही उल्लेख करतो. तेव्हा दहाव्या शतकापर्यंत हे यंत्र तेथे रुळले होते, एवढे खात्रीने म्हणता येते. बॅबिलोनच्या हम्मुराबीने पवनचक्क्यांनी शेती भिजवण्याची योजना आखली होती, हे विधान एका पुस्तकातून दुसऱ्यात उतरत आले आहे. त्याला समकालीन लेखी पुरावा नाही. अलेक्झांड्रियाच्या हीरोने (इ.स. पहिले शतक) वर्णिलेले वाऱ्याचे चाक बहुधा आडव्या आसाचे होते, शिवाय ते वाद्यात हवा भरण्यासाठी होते. त्याचा येथे संबंध जोडू नये.

सिस्तानी चक्कीच्या रचनेचे तपशीलवार वर्णन अल्-दिमश्कीने (१२५६–१३२७) केले आहे. त्याने पाहिलेल्या दुमजली बांधकामात जाते वरच्या मजल्यावर आणि कापड ताणलेल्या पात्यांचे चाक खाली असे. भिंतींतील झरोक्यांतून वारा आत शिरे. आज टिकून असलेल्या चक्क्यांत हा क्रम उलटा आहे, म्हणजे पाती वर आणि जाते खाली. हा बदल केव्हा झाला यावर मतभेद आहेत. एकाच काळी दोन्ही पद्धती चालू असणेही अशक्य नाही.

इराणमधील खोरासान-ए-रझवी प्रांतात, अफगाण सरहद्दीजवळच्या नश्तीफान गावी अशा चक्क्यांची रांग उभी आहे. स्थानिक भाषेत त्यांना ‘आसबाद’ म्हणतात. मातीच्या उंच भिंती, त्यांच्यामध्ये उभा लाकडी आस, त्याला जोडलेली फळ्यांची पाती आणि तळघरवजा खोलीत जाते, अशी त्यांची बांधणी आहे. भिंत चाकाची परतीची बाजू झाकते आणि वाऱ्याला अरुंद तोंडातून आत घेते. दिशा बदलणाऱ्या वाऱ्यात ही भिंत निरुपयोगी ठरली असती. परंतु या पट्ट्यात उन्हाळ्यात ‘१२० दिवसांचा वारा’ उत्तरेच्या बाजूने सलग वाहतो, त्यामुळे एका दिशेला कायमचे तोंड करून बांधलेली इमारत तेथे चालते. इराण सरकारने २००२ मध्ये नश्तीफानच्या चक्क्यांची राष्ट्रीय वारसा म्हणून नोंद केली.

चीनमधील लवकरचा महत्त्वाचा उल्लेख चंगीझखानाबरोबर समरकंदला गेलेल्या येलू चुत्साईच्या काव्यात, तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात, येतो. तोही मध्य आशियातील चक्क्यांचा. चीनच्या किनाऱ्यावर मिठागरांत पाणी उपसणाऱ्या चक्क्यांना तेथील जहाजांसारखी शिडे असत. परतीच्या वाटेवर शीड दोरीच्या आधाराने आपोआप फिरून वाऱ्याला धार दाखवी, त्यामुळे भिंत लागत नसे आणि वारा कोणत्याही दिशेचा चाले. ही रचना स्वतंत्रपणे सुचली की इराणी कल्पनेला नाविकांच्या शिडाची जोड मिळाली, हा प्रश्न खुला आहे. कल्पना पश्चिमेकडून आली असावी आणि शिडाची युक्ती स्थानिक असावी, हे मत अधिक पटण्यासारखे आहे. यूरोपातील बाराव्या शतकापासूनच्या चक्क्या मात्र आडव्या आसाच्या आहेत. क्रुसेडरांनी त्या पूर्वेकडून नेल्याचे मत आता मागे पडले आहे. फाउस्तो वेरान्झिओ या यूरोपीय संशोधकाने सतराव्या शतकाच्या आरंभी उभ्या आसाच्या काही चक्क्यांची चित्रे छापली. त्या प्रत्यक्ष किती बांधल्या गेल्या हे संदिग्ध आहे.

सिद्धांत : वाऱ्याचा वेग आणि पळणाऱ्या पात्याचा वेग यांच्यातील फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात रेटा बदलतो. पाते थांबलेले असताना रेटा सर्वांत जास्त पण शक्ती शून्य. पाते वाऱ्याच्या वेगाने पळू लागले की रेटाच उरत नाही. पात्याचा वेग वाऱ्याच्या एक तृतीयांश असताना शक्ती कमाल असते, आणि ती वाऱ्यातील शक्तीच्या ४/२७ पट गुणिले पात्याचा कर्षण-गुणांक (आकारानुसार वाऱ्याचा रेटा किती बसतो ते दाखवणारा अंक) एवढी भरते. सपाट चौकोनी फळीचा गुणांक सुमारे १.२ धरला तर उत्तर १८ टक्क्यांच्या आसपास येते. जर्मन भौतिकीविज्ञ आल्बेर्ट बेट्झ यांनी कोणत्याही पवनचक्कीसाठी काढलेली मर्यादा १६/२७, म्हणजे ५९.३ टक्के आहे. १८ टक्क्यांच्या हिशेबात परतीचा विरोध अजून धरलेलाच नाही. तसेच क्षेत्रफळ कोणते धरायचे यावरही आकडा बदलतो: भिंतीआड झाकलेली अर्धी बाजू वगळली की सिस्तानी चक्कीची कार्यक्षमता कागदावर दुप्पट होते. निरनिराळ्या लेखकांचे आकडे जुळत नाहीत, त्याचे एक कारण हे.

वाट्यांच्या वायुवेगमापकावर हा हिशेब नीट तपासता येतो. आयर्लंडच्या टॉमस रॉम्नी रॉबिन्सन यांनी १८४६ मध्ये चार अर्धगोल वाट्यांचे उपकरण केले. पोकळ बाजूचा गुणांक सुमारे १.४ आणि फुगीर बाजूचा ०.४ घेऊन दोन्ही बाजूंचे रेटे समान कधी होतात हे काढले, तर वाटीचा वेग वाऱ्याच्या ०.३ पट येतो. रॉबिन्सन यांनी एक तृतीयांश मानला होता. वाटीचा आकार वा दांड्याची लांबी काहीही असो, हे गुणोत्तर बदलत नाही, हा त्यांचा दावा मात्र पुढील प्रयोगांत टिकला नाही. कॅनडाच्या जॉन पॅटरसन यांनी १९२६ मध्ये तीन वाट्यांची रचना पुढे आणली आणि तीच पुढे सर्वत्र रूढ झाली. याच हिशेबाने वाट्यांकडून शक्ती मिळते ती एका वाटीच्या क्षेत्रफळावर जेमतेम ७ टक्के. मोजमापाला ती पुरते, पाणी उपसायला नाही.

सॅव्होनिअस रोटर : फिनलंडच्या सिगुर्ड सॅव्होनिअस यांनी १९२० च्या दशकात हा रोटर तयार केला. त्यांना स्फूर्ती मिळाली ती जर्मन अभियंता आंटोन फ्लेट्नर यांच्या जहाजावरील मोटरने फिरणाऱ्या उभ्या नळकांड्यांवरून. ते नळकांडे वाऱ्यानेच फिरवता येईल का, हा त्यांचा प्रश्न होता. नळकांडे उभे चिरून दोन अर्ध एकमेकांपासून आडवे सरकवले की वरून इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखा आकार दिसतो. मध्ये ठेवलेल्या फटीतून हवा पुढच्या अर्धातून मागच्या अर्धाच्या पोकळीत जाते आणि परतीचा विरोध कमी होतो. सॅव्होनिअस यांनी प्रयोगशाळेत ३१ टक्के आणि मोकळ्या वाऱ्यात ३७ टक्के कार्यक्षमता सांगितली. नंतरच्या संशोधकांना बहुधा १५ ते २५ टक्केच मिळाले. वातबोगद्याच्या मानाने प्रतिकृती मोठी असली की बाजूने वारा दाटून जातो आणि आकडा फुगतो, हे विसरून चालत नाही. अमेरिकेतील सँडिया प्रयोगशाळेच्या १९७७ च्या चाचण्यांत दोन अर्धांचा रोटर तीन अर्धांच्या रोटरपेक्षा सरस ठरला आणि फट अर्धाच्या व्यासाच्या १० ते १५ टक्के असावी असे दिसले.

या रोटरला निव्वळ रेटाचालित म्हणणे काटेकोरपणे बरोबर नाही. भार नसताना त्याच्या कडेचा वेग वाऱ्यापेक्षा जास्त होतो. नुसत्या रेट्याने ते होणे शक्य नाही. फेऱ्याच्या काही भागात वक्र पाठीवर उत्थापक बल निर्माण होते, हे आता मान्य आहे. तरी वर्गीकरणात तो रेटाचालितच गणला जातो.

आराखड्यातील बाकीच्या बाबी थोडक्यात. वरखाली तबकड्या बसवाव्यात, म्हणजे टोकांकडून हवा निसटत नाही. त्यांचा व्यास रोटरच्या सुमारे १.१ पट ठेवतात. दोन अर्धांचा रोटर विशिष्ट कोनात थांबला तर आपण होऊन सुरू होत नाही, म्हणून दोन मजले एकमेकांशी ९० अंशांत ठेवतात किंवा पाती पिळदार करतात. १ मी. व्यास आणि २ मी. उंचीचा रोटर घेतला, तर सेकंदाला ५ मी. वाऱ्यात त्यातून १५० वॉट शक्तीची हवा जाते. १८ टक्क्यांनी हाती येतात २७ वॉट, तेही मिनिटाला सुमारे ७६ फेऱ्यांवर. वारा ३ मी. वर उतरला की ६ वॉटसुद्धा मिळत नाहीत. एवढ्यासाठी २ चौ.मी. क्षेत्र पूर्णपणे पत्र्याने भरावे लागते आणि वादळात पत्रा मिटताही येत नाही. घराच्या गच्चीवर असा रोटर बसवून वीजबिल शून्य करण्याच्या जाहिराती या आकड्यांशी ताडून पाहाव्यात.

उपयोग : सुरू होताना मिळणारा जोर आणि कोणत्याही दिशेचा वारा चालणे, हे या यंत्राचे खरे गुण. म्हणून मंद गतीच्या पंपाला ते मानवते. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या ब्रेस संशोधन संस्थेने १९६० च्या दशकात तेलाची पिंपे चिरून करायच्या पंपाचा आराखडा दिला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत एस. पी. गोविंद राजू आणि रोद्दम नरसिंह यांनी पत्र्याऐवजी शिडाचे कापड वापरलेला सॅव्होनिअस पंप १९७९ मध्ये मांडला. डॅरियस चक्की (उभ्या आसाची पण उत्थापक बलावर फिरणारी) स्वतःहून सुरू होत नसल्याने तिच्या आसावर छोटा सॅव्होनिअस रोटर चढवण्याची पद्धत आहे. फ्लेट्नर यांच्या नावाचा, गाड्यांच्या टपावर बसणारा वायुवीजक (हवा खेळती ठेवणारे साधन) हाही त्याचाच उपयोग. आपल्याकडे औद्योगिक वसाहतींतील पत्र्याच्या छपरांवर गरगरणारे टर्बो व्हेंटिलेटर त्याच कुळातले. ते गरम हवा बाहेर काढतात, वीज करीत नाहीत. समुद्रातील प्रवाह मोजण्यासाठीही सॅव्होनिअस रोटर बराच काळ वापरात होता. पण तो पुढून आलेल्या आणि मागून आलेल्या पाण्याने एकाच बाजूला फिरतो, त्यामुळे लाटांच्या हेलकाव्यांत प्रवाह आहे त्यापेक्षा जास्त दाखवी. ध्वनिलहरींवर चालणारी उपकरणे आल्यावर तो वापर मागे पडला.