ऑइल घातलं होतं, पण पोचलं नाही

गेल्या ऑक्टोबरात मावसभावाचा ग्रास कटर बंद पडला. कोकणात पाऊस ओसरल्यावर आंब्याच्या बागेतलं कमरेएवढं गवत कापायचे तेच दिवस. त्यात गडी मिळत नाहीत, आणि मशीन ऐन वेळी दोरी ओढूनही हलेना. मेकॅनिकने सिलिंडर उतरवला. पिस्टनच्या सायलेन्सरकडच्या बाजूला उभे खोल ओरखडे होते आणि एक रिंग खाचेतच घट्ट बसली होती. पिस्टन भावाच्या हातात ठेवत मेकॅनिक म्हणाला, "ऑइल कमी पडलंय." भाऊ तडकलाच. बाकी हिशेबात तो ढिला असेल, पण पेट्रोलमध्ये मिसळायचं टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनाचं वंगण) औषधासारखं मोजून घालतो. लिटरभर पेट्रोलला ४० मिली, म्हणजे २५ ला १.

मांगरातल्या कॅनमध्ये ऑइल मिसळलेलं तेच पेट्रोल थोडं उरलं होतं. ते मी पांढऱ्या काचेच्या बाटलीत ओतून ठेवलं. पाच मिनिटांत वर हिरवट, तेलकट थर आणि तळाशी दोन बोटं पाण्यासारखा नितळ थर अशी सरळ वाटणी झाली. मधली रेघ पट्टीने आखावी तशी. भांडण तिथेच मिटायला हवं होतं, कारण दोघांचंही खरं होतं. ऑइल घातलं होतं, आणि ऑइल कमीही पडलं होतं.

कटर-चेनसॉच्या छोट्या टू-स्ट्रोक इंजिनाला वंगणाच्या ऑइलची वेगळी टाकी नसते. चेनसॉ आडवा धरा, उलटा धरा, झाडावर चढून डोक्यावर धरा, तो चाललाच पाहिजे. तळात ऑइल साठवणारं साधं इंजिन हे करू शकत नाही. म्हणून ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं. हवा, पेट्रोल आणि ऑइलचं धुकं आधी पिस्टनखालच्या पोकळीत शिरतं, क्रँकच्या बेअरिंगला न्हाऊ घालतं आणि मगच वर जाऊन जळतं. लुना किंवा जुनी बजाज स्कूटर चालवलेल्यांना पंपावरचा टू-टीचा छोटा हातपंप आठवत असेल. तीच ही पद्धत. थोडक्यात, या इंजिनात वंगणाला वाहून नेणारी गाडी म्हणजे पेट्रोल. पेट्रोल जिथे जाणार नाही, तिथे ऑइलही जाणार नाही.

आता इथेनॉल. उसाची मळी, उसाचा रस, मका आणि तांदूळ यांपासून बनलेलं इथेनॉल पेट्रोलमध्ये २० टक्के मिसळायचं उद्दिष्ट आपल्याकडे आधी २०३० साठी होतं, ते २०२५ मध्येच गाठलं गेलं. त्यावरून मोटारींच्या मायलेजची भरपूर भांडणं झाली. कटर, चेनसॉ आणि फवारणी पंपांबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढला नाही. या यंत्रांच्या बहुतेक मॅन्युअलमध्ये इथेनॉल १० टक्क्यांपर्यंतच चालेल असं छापलेलं असतं.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे. इथेनॉलचा रेणू दुतोंडी आहे. त्याचं एक टोक हायड्रोकार्बनचं, ते पेट्रोलमध्ये सुखाने राहतं. दुसऱ्या टोकाला ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी, तिला पाण्याची ओढ. साध्या पेट्रोलमध्ये पाणी जवळजवळ विरघळतच नाही, थेंब पडला की तळाशी जाऊन बसतो. इथेनॉल असलं की काही मर्यादेपर्यंत पाणी दिसेनासं होतं, कारण पाण्याच्या प्रत्येक रेणूला इथेनॉलचे रेणू घेराव घालतात आणि त्याला पेट्रोलमध्ये लपवून ठेवतात. १० टक्के इथेनॉल असेल तर १५ अंश तापमानाला लिटरमागे साधारण ५ मिली पाणी असं लपतं, म्हणजे चहाचा एक चमचा. २० टक्के असेल तर त्याहून बरंच जास्त. तापमान उतरलं की ही मर्यादाही उतरते.

मर्यादा ओलांडली की मात्र सगळं एकदम उलटतं. पाण्याचे रेणू एकमेकांना शोधून घोळका करतात. आणि इथेनॉल? लग्न जमवायला आणलेला मध्यस्थ मुलीकडच्यांच्या पंगतीला जाऊन बसावा, तसं ते पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर जातं. म्हणूनच तळाचा थर पाण्यासारखा दिसला तरी सुरुवातीला त्यात पाण्यापेक्षा इथेनॉल जास्त असतं. दोन चमचे जास्तीच्या पाण्याने बाटलीत पेलाभर थर दिसतो, तो यामुळे. रसायनशास्त्रात हे दाखवायला त्रिकोणी आलेख काढतात. तीन कोपऱ्यांवर पेट्रोल, पाणी आणि इथेनॉल, आत एक घुमटासारखी वक्ररेषा. मिश्रणाचा बिंदू घुमटाबाहेर असेल तर एकच द्रव, आत शिरला तर दोन. घुमटाच्या आत तिरक्या जोडरेषा असतात. आपला बिंदू ज्या जोडरेषेवर पडतो, तिची दोन टोकं म्हणजे दोन थरांची घडण, आणि बिंदूपासून टोकांच्या अंतरावरून कुठला थर किती ते निघतं. त्या रेषा एका बाजूला कललेल्या असतात, त्या कलण्यातच इथेनॉल कोणाच्या बाजूने झुकलं ते दिसतं. हे डोक्यावरून गेलं तरी बिघडत नाही, बाटली बघितली तरी पुरे.

मग टू-टी ऑइल कुठे राहिलं? ते तेल आहे, ते पेट्रोलबरोबर वरच्या थरात राहतं. हिरवा रंग वरच दिसला तो त्यामुळे. आता कटरची किंवा चेनसॉची टाकी उघडून बघा. आत एक लवचीक नळी आणि तिच्या टोकाला वजनदार फिल्टर असतो. यंत्र कसंही धरलं तरी फिल्टर तळालाच लोळत जावा, म्हणून हे वजन. एरवी फार हुशार रचना. पण दोन थर झाले की हा फिल्टर नेमका ऑइल नसलेल्या थरात तोंड बुडवून बसतो. बहुतेकदा इंजिन सुरूच होत नाही, आणि ते नशीबच म्हणायचं. पण थर पातळ असला तर हलवाहलवीत थोडं वरचं, थोडं खालचं खेचत ते रडतखडत चालतं. कोरडं चालतं, तापतं, आणि पिस्टन फुगून सिलिंडरला खरवडतो. सायलेन्सरकडची बाजू सगळ्यात गरम, म्हणून ओरखडे तिथे.

पाणी आलं कुठून? इथेनॉल हवेतून पाणी पितं, हे फॉरवर्ड होणारं वाक्य खोटं नाही, पण बंद कॅनमध्ये ते फार हळू घडतं. भावाच्या कॅनच्या झाकणाची वायसर मे महिन्यातच हरवली होती. जूनमध्ये मिसळलेलं पेट्रोल चार महिने गळक्या कौलाखाली उभं होतं. इतका साधा मामला.

इथेनॉल आहे की नाही हे बघायचं असेल तर उघड्यावर, विडीकाडीपासून लांब, मापाच्या नळकांड्यात २० मिली पाणी घ्या आणि वर १०० च्या रेघेपर्यंत पेट्रोल ओता. तोंड बंद करून हलवा, दहा मिनिटं ठेवा. ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल असेल तर पाण्याची रेघ २० वरून ३५ च्या आसपास चढलेली दिसेल. हाच प्रयोग मोठ्या कॅनमध्ये करून "इथेनॉल धुतलेलं" पेट्रोल कटरला घालायचे व्हिडिओ फिरतात, ते करू नका. इथेनॉल गेलं की ऑक्टेन घसरतो, आणि वर ओलसर पेट्रोल हाती राहतं.

ऑक्टेनवरून आठवलं. महागडं जास्त ऑक्टेनचं पेट्रोल घातलं की मशीन जोरात चालतं, अशी ठाम समजूत आहे. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच दाबाने आपोआप भडकायला इंधन किती विरोध करतं, त्याचं ते माप. आयसो-ऑक्टेनला १०० आणि हेप्टेनला शून्य धरून ही पट्टी ठरवली आहे. छोट्या कटरला ९० च्या आसपासचं पुरतं आणि ते कुठल्याही पंपावर मिळतं. पेट्रोलच्या नळीला चुंबक बांधून "रेणू सरळ करणारे" विक्रेते तर कृषी प्रदर्शनात अजून भेटतात. खंडेनवमीला कटरला हळदकुंकू लावायला माझी हरकत नाही, तेवढ्या निमित्ताने मशीन पुसलं तरी जातं. चुंबकाने तेवढंही होत नाही.

"थोडं ऑइल जास्त असलेलं बरं" हाही सल्ला तपासून घ्यावा. ऑइल वाढलं की त्याच मापात पेट्रोल कमी येतं, म्हणजे हवेच्या मानाने मिश्रण रोड होतं आणि इंजिन जास्त तापतं. फरक थोडा, पण इथेनॉल त्याच दिशेला ढकलतं. १ किलो पेट्रोल जळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ किलोच पुरते. मोटारीत सेन्सर हे ओळखून पेट्रोल वाढवतो. कटरच्या कार्बोरेटरला डोकं नाही, फक्त भोकं आहेत. म्हणून ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेवढंच. डबीवर जासो एफडी किंवा आयएसओ ईजीडी हा टू-टी ऑइलचा दर्जा छापलेला असावा. फोर-स्ट्रोक मोटारसायकलचं २०डब्ल्यू-४० इंजिन ऑइल तर अजिबात नको. त्यातले धातूयुक्त घटक जळून राख होतात आणि स्पार्क प्लगवर बसतात.

स्वीडनमध्ये १९८० च्या दशकाच्या अखेरीस जंगल कामगारांसाठी अल्किलेट पेट्रोल काढलं गेलं. त्यात इथेनॉल नाही, बेंझीन जवळजवळ नाही, आणि ते बंद डब्यात वर्षानुवर्षं टिकतं. फार महाग आहे. आपल्यासाठी स्वस्त उपाय एवढाच की पेट्रोल महिन्याभराला पुरेल इतकंच मिसळावं, आणि हंगाम संपला की टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावं, म्हणजे कार्बोरेटरच्या पडद्यावर जुनं पेट्रोल राहत नाही. एकदा फाटलेलं पेट्रोल हलवून किंवा ताजं ओतून पूर्ववत होत नाही. ते गॅरेजवाल्याला पार्ट धुवायला द्यावं, विहिरीजवळ ओतू नये.

भावाने पिस्टन आणि सिलिंडरचा नवा सेट बसवला. कॅन तोच आहे. झाकणाला त्याने सायकलच्या जुन्या ट्यूबची वायसर कापून लावली आहे. पेट्रोलने ते रबर फुगतं हे मी सांगितलं, तर म्हणाला, "फुगू दे की, अजून घट्ट बसेल."