नोकरी नकोशी झालीय की काम?

महिनाअखेरीचे हिशेब बंद करताना ४५० चा फरक येत होता. ऑफिस केव्हाच रिकामं झालं होतं. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीने माझ्या स्क्रीनकडे पाहिलं, तोंडातल्या तोंडात भाग दिला आणि म्हणाली, "अगं, नऊने भाग जातोय. कुठेतरी आकडे उलटे पडलेत." हिशेबाच्या कामातला हा जुना ठोकताळा आहे. एखाद्या रकमेतले शेजारशेजारचे दोन अंक अदलाबदल झाले, तर येणारा फरक नेहमी ९ च्या पटीत असतो. पाऊण तासाने तिला नोंद सापडली. ७,६१० च्या जागी ७,१६० पडले होते. ती खुर्चीत मागे रेलली, दोन्ही हात डोक्यामागे घेतले आणि मनापासून हसली. मी पण हसले, पण मला फक्त सुटल्यासारखं वाटत होतं.

त्या दिवसांत आम्ही दोघी रोज राजीनाम्याच्या गोष्टी करायचो. तक्रारी त्याच, शब्दही तेच. साहेब ऐकून घेत नाहीत, घरी जायची वेळ ठरलेली नाही, केलेल्या कामाचं श्रेय दुसऱ्याच्या खात्यात जातं. "हे क्षेत्रच सोडू या" यावर आमचं एकमत होतं. आमचं दुखणं एकच आहे असं आम्ही धरून चाललो होतो. तसं ते नव्हतं. तिला नोकरी नकोशी झाली होती आणि मला काम.

हा फरक कळायला मला जवळजवळ दोन वर्षं लागली. ती दोन वर्षं दुसऱ्या कुणाची वाचावीत म्हणून हे लिहितेय.

आपण बोलताना दोन्हीला एकच शब्द वापरतो, तिथूनच गोंधळ सुरू होतो. "कामावर जाते" म्हणजे नोकरीवर जाते, आणि "आज काम छान झालं" यातलं काम वेगळंच. वेगळं करून पाहायचं तर असं म्हणता येईल: नोकरी म्हणजे कामाभोवतीचं सगळं. साहेब, सहकारी, वेळ, पगार, जाण्यायेण्यातली दगदग, निर्णय कोण घेतं, चूक झाली की कुणावर येते. काम म्हणजे हे सगळं बाजूला सारल्यावर हाताखाली उरतं ते. शिक्षकाचं काम म्हणजे न कळलेली गोष्ट समोरच्याला कळेपर्यंत वेगवेगळ्या वाटांनी सांगत राहणं. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याचं काम म्हणजे न चालणाऱ्या कोडसमोर बसून ते का चालत नाही हे शोधणं. शाळा वाईट असू शकते आणि शिकवणं प्रिय असू शकतं. उलटही होतं, आणि ते जास्त अवघड असतं, कारण चांगल्या ठिकाणी, चांगल्या माणसांत बसून मन लागत नसेल तर माणूस स्वतःलाच कृतघ्न ठरवतो.

दुखणी दोन, लक्षणं एक

१९५९ मध्ये फ्रेडरिक हर्झबर्ग या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग भागातल्या सुमारे २०० इंजिनिअर आणि हिशेबनिसांना त्यांनी विचारलं होतं, की नोकरीत फार बरं वाटलं आणि फार वाईट वाटलं असे प्रसंग सांगा. वाईट प्रसंगांत पुन्हा पुन्हा आलं ते कंपनीचं धोरण, देखरेख, पगार, कामाची परिस्थिती. चांगल्या प्रसंगांत आलं ते काहीतरी साधल्याचं समाधान, कौतुक, जबाबदारी आणि प्रत्यक्ष काम. हर्झबर्ग यांचं म्हणणं असं, की नाराजी आणि समाधान ही एकाच काट्याची दोन टोकं नाहीत. साहेब बदलला तर नाराजी जाईल, पण तेवढ्याने कामात रस येईल असं नाही.

या निष्कर्षावर पुढे एक आक्षेप घेतला गेला आणि तो मला अभ्यासाइतकाच उपयोगी वाटतो. माणसं चांगल्याचं श्रेय स्वतःच्या कर्तृत्वाला देतात आणि वाईटाचं खापर परिस्थितीवर फोडतात, त्यामुळे उत्तरं अशी विभागली जाणारच. स्वतःची तपासणी करताना हे ध्यानात ठेवावं. साहेबांना दोष देणं सोपं असतं. "मला हे कामच आवडत नाही" हे कबूल करणं फार जड जातं, विशेषतः त्या कामाच्या शिक्षणात आणि परीक्षांत ऐन उमेदीची वर्षं गेली असतील तर. मी साहेबांविषयी जे बोलायचे त्यातलं बरंचसं खरं होतं. पण त्याच्या आड मी एक वेगळी गोष्ट लपवत होते.

गोंधळ वाढवणारी आणखी एक गोष्ट म्हणजे बर्नआउट. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याची व्याख्या केली ती आजार म्हणून नाही, तर कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळलेल्या दीर्घ ताणातून उद्भवणारी स्थिती म्हणून. तिच्या तीन खुणा आहेत: शक्ती संपून जाणं, कामापासून मन दूर जाणं किंवा त्याविषयी कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. यातली मधली खूण फसवते. मन दूर गेलं की आवडतं कामही बेचव लागतं. म्हणजे नोकरीने थकलेला माणूस कामाला कंटाळलेल्या माणसासारखाच दिसू लागतो, इतरांना आणि स्वतःलाही.

बर्नआउटचा अनेक वर्षं अभ्यास करणाऱ्या क्रिस्टिना मास्लाक आणि मायकल लायटर यांनी माणूस आणि नोकरी यांचं जिथे बिनसतं अशा सहा जागा सांगितल्या आहेत. कामाचा बोजा, त्यावरचा आपला ताबा, मोबदला, सोबतची माणसं, न्यायाने वागवलं जाणं आणि मूल्यं. ही यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मैत्रिणीची प्रत्येक तक्रार तिच्यात बसली. मूल्यं सोडली तर बाकी पाचही गोष्टी नोकरीच्या आहेत, त्याच कामाच्या दुसऱ्या जागी त्या अगदी वेगळ्या असू शकतात. इथे बिनसलं असेल तर क्षेत्र बदलायची घाई नको. नवं शिकण्यात वर्षं घालवून त्याच बोज्याखाली, तशाच साहेबाच्या हाताखाली जाऊन बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. घर, मित्र, छंद, झोप, सगळ्याचीच गोडी गेली असेल, तर प्रश्न नोकरीचाही नाही आणि कामाचाही नाही. आधी डॉक्टरांना भेटावं. तसल्या अवस्थेत आयुष्याचे मोठे निर्णय घेऊ नयेत.

साहेब रजेवर असतानाचा आठवडा

फरक ओळखायचा कसा? "नोकरी आदर्श असती तर?" अशी कल्पना करून फारसं हाती लागत नाही, कारण थकलेलं मन कल्पनाही थकलेलीच करतं. त्यापेक्षा प्रत्यक्ष घडलेलं आठवावं. साहेब रजेवर होते तो आठवडा कसा गेला? काम तेच, टेबल तेच, फक्त डोक्यावरचा भार नाही. माझी मैत्रीण त्या आठवड्यात गुणगुणत होती. अडकलेल्या तीन जुन्या नोंदी तिने आपणहून काढून सोडवल्या. मला शांत वाटलं खरं, पण सकाळी फाइल उघडायला तितकंच जिवावर यायचं. तेव्हाच हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

दुसरं, आपल्याच कामात दहा वर्षं पुढे असलेलं एखादं माणूस डोळ्यांसमोर आणावं, जे ते काम उत्तम करतं आणि ज्याला चांगली जागा मिळालीय. त्याचं पद किंवा पगार हवासा वाटतो का, हे विचारू नये, ते कुणालाही वाटेल. त्याची मंगळवारची अकराची वेळ हवी आहे का, हे विचारावं. त्या वेळी ते माणूस प्रत्यक्ष काय करत असतं? ते करायला आपण आनंदाने तयार असू, तर दुखणं नोकरीचं. ते पाहूनच मनात "आणखी दहा वर्षं हेच?" असं येत असेल, तर दुखणं कामाचं.

तिसरी गोष्ट सर्वांत कंटाळवाणी आहे आणि तिनेच मला उत्तर दिलं. तीन आठवडे मी एक वही ठेवली. दिवस कसा गेला हे लिहायचं नाही, कारण दिवस साहेबांच्या मर्जीवर जातो. फक्त कृती लिहायची आणि पुढे एक खूण: जीव लागला, की ओढत नेलं. बँकेच्या नोंदींचा मेळ घातला, ओढत नेलं. अहवालाचा तक्ता केला, ओढत नेलं. तीन आठवड्यांत "जीव लागला" असं फक्त चार ठिकाणी होतं आणि चारही नोंदींत नव्याने लागलेली एक मुलगी होती. मी तिला काही ना काही समजावून देत होते. एकदा जमा आणि नावे यांचा गुंता तिला काही केल्या सुटेना, तेव्हा कोरा कागद घेऊन मी तो तीन तऱ्हांनी मांडला. चौथ्यांदा ती "थांबा, थांबा, मी सांगते" म्हणाली. वहीत त्या नोंदीखाली मी दोनदा रेघ ओढली होती.

स्पष्टता अशी येते, असं मला आता वाटतं. "माझी खरी आवड कोणती?" या प्रश्नाला उत्तर मिळत नाही, कारण तो फार मोठा आहे. क्रियापदांवर यावं. समजावणं, शोधणं, जुळवणं, दुरुस्त करणं, मन वळवणं. क्षेत्राची नावं नंतर येतात.

रागावर किती दूर जाता येतं

उमेदीचंही दोन्हीकडे वेगळं असतं. नोकरी नकोशी झाली की तिथून निघण्याची ऊर्जा रागातून मिळते आणि ती चांगली असते. रात्री अकराला बायोडाटा लिहायला बसवते. पण राजीनामा दिला की राग ओसरतो. दुसऱ्या जागी तेच काम करायचं असेल तर काही बिघडत नाही, दार ओलांडेपर्यंतच तो लागत होता. काम बदलायचं असेल तर मात्र दारापलीकडे लांबचा रस्ता असतो. नव्याने शिकणं, कमी अनुभवाचं गणलं जाणं, वयाने लहान माणसांच्या हाताखाली बसणं. तिथे राग पुरत नाही. समोरून काहीतरी ओढणारं लागतं आणि ते नुसता विचार करून सापडत नाही. व्यवसाय बदलणाऱ्यांचा अभ्यास करणाऱ्या हर्मिनिया इबारा यांनी हेच मांडलं आहे: आधी स्वतःला पूर्ण ओळखून मग पाऊल टाकायचं असं क्वचितच होतं, माणसं छोटे छोटे प्रयोग करत, नव्या लोकांत मिसळतच स्वतःला ओळखत जातात. मी सुट्टीच्या दिवशी सकाळी सहा जणांना हिशेब शिकवू लागले, नोकरी न सोडता. पहिल्या दिवशी आवाज कापत होता. चौथ्या आठवड्यात मी आदल्या रात्रीच तयारीला बसलेली असायचे, कुणी न सांगता.

काही जण इतके काठावर उभे असतात की वही, प्रयोग, सगळं करूनही हलत नाहीत. त्यांच्यासाठी अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन लेव्हिट यांचा अभ्यास सांगते. नोकरी सोडावी का, यासारख्या प्रश्नांवर अडलेल्या लोकांना त्यांनी ऑनलाइन नाणेफेक करू दिली. २० हजारांहून जास्त नाणी उडवली गेली. मोठ्या निर्णयांच्या बाबतीत नाण्याने "बदल करा" म्हटलेली माणसं सहा महिन्यांनी सरासरी जास्त सुखी होती. हे नाणेफेकीला आलेल्या, म्हणजे मुळात दोलायमान असलेल्या लोकांबद्दल आहे, ज्यांची घडी नीट बसलीय त्यांच्याबद्दल नाही. पण दोलायमान माणूस बदलाचं भय जरा जास्तच धरतो, एवढं यातून मी घेते.

आणि दोन्ही दुखणी एकदम असतील तर? बहुतेकांची असतातच थोडीथोडी. माझं मत, आधी नोकरीचं पाहावं. खात्यात बदली, कमी तास, दुसरं ऑफिस, जे हाती असेल ते. विश्रांती मिळालेल्या मनाला काम पुन्हा चाखून पाहू द्यावं. दोन्ही एकाच दिवशी बदललं तर बरं कशाने वाटलं ते कळत नाही आणि वाईट वाटू लागलं तर काय सुधारायचं तेही कळत नाही.

मैत्रीण दुसऱ्या ऑफिसात गेली. काम तेच, हिशेबाचं. तिथल्या पहिल्या महिनाअखेरीला तिचा रात्री फोन आला. मला वाटलं रडतेय की काय. ती म्हणाली, "अगं, ५४ चा फरक आहे," आणि तिच्या आवाजात तो जुना उत्साह होता. मी दुसऱ्या दिवशीच्या तासाचे कागद लावत होते. नऊने भाग जातो हे मी तेव्हा मुलांना शिकवायच्या यादीत लिहून घेतलं.