जीपीयू नसणे आणि जीपीयू न पुरणे

गोव्यात फर्मागुढीला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या कुणी मोडी अक्षरं ओळखणारं मॉडेल ट्रेनिंगला लावलं आणि ते रात्रभर रखडलं, की ‘प्रोग्राम रॅमवर गेला’ असं म्हटलं जातं. या एका वाक्यामागे दोन निराळ्या गोष्टी असू शकतात, आणि एकीचा उपाय दुसरीला चालत नाही.

पहिलीत प्रोग्रामला जीपीयू, म्हणजे ग्राफिक्स कार्डावरची समांतर गणितं करणारी चिप, सापडतच नाही. डेटा संगणकाच्या मुख्य मेमरीत, म्हणजे रॅममध्ये राहतो, गणितही मुख्य प्रोसेसर, म्हणजे सीपीयूच करतो. पुष्कळदा कार्ड मशीनमध्ये असतं, पण विंडोजवर पिप या पायथनच्या इन्स्टॉलरने नुसतं पायटॉर्च (मॉडेल ट्रेन करायची लायब्ररी) बसवलं की सीपीयूची आवृत्ती येते, आणि क्यूडा (एनव्हिडियाच्या जीपीयूवर गणित चालवणारी प्रणाली) आहे का विचारल्यावर ‘नाही’ असं उत्तर मिळतं. मॉडेलला डेटा पुरवणाऱ्या डेटा लोडरमध्ये पिन मेमरी चालू असेल तर पायटॉर्च इशारा देतं आणि साधी रॅम वापरतं. पिन केलेली जागा कार्डाकडे डेटा वेगाने पाठवण्यासाठी असते, कार्डच नसेल तर तिचा उपयोग काय? जीपीयूवर जतन केलेलं मॉडेल उघडताना मात्र ‘सीपीयूवर आण’ असं स्पष्ट सांगावं लागतं, नाहीतर एरर येतो.

दुसरी गोष्ट जास्त फसवी. जीपीयू सापडतो, गणितही तोच करतो, पण त्याची मेमरी अपुरी पडते. 2023 पासूनचे विंडोजवरचे एनव्हिडिया ड्रायव्हर अशा वेळी जादा डेटा गुपचूप रॅममध्ये ठेवतात. आरटीएक्स 3060 च्या 12 जीबी कार्डाची मेमरी सेकंदाला 360 जीबी डेटा पुरवते. कार्ड आणि रॅम यांच्यातला रस्ता म्हणजे पीसीआय एक्सप्रेस 4, आणि त्याच्या 16 लेनमधून एका दिशेने सेकंदाला जेमतेम 32 जीबी जातो. मांडवी नदीवरच्या रायबंदर-चोडण फेरीबोटीसारखंच हे: दोन्ही काठांवर जागा मुबलक, पण एका खेपेला मावतील तेवढ्याच गाड्या पलीकडे जाणार. लिनक्सवर अशा वेळी सहसा मेमरी संपल्याचा एरर येऊन प्रोग्राम थांबतो.

ओळखायला टास्क मॅनेजर पुरतो. ट्रेनिंग चालू असताना जीपीयूची डेडिकेटेड (स्वतःची) मेमरी वाढलीच नाही, तर पहिला प्रकार: क्यूडाची आवृत्ती बसवा, ड्रायव्हर तपासा. ती काठोकाठ भरून शेअर्ड (रॅममधून घेतलेली) मेमरी चढू लागली, तर दुसरा: बॅच (मॉडेलला एका वेळी दिलेले नमुने) लहान करा, 32 ऐवजी 16 बिटचे आकडे वापरा. रॅममध्ये सांडण्याची ही सोय एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमधून बंद करता येते, आणि ती बंदच ठेवावी असं माझं ठाम मत आहे. मग बॅच मोठी झाल्याचं सकाळी नाही, ट्रेनिंग लावल्या लावल्याच कळतं.