वैश्विक किरण : सुरुवात एका गळतीपासून

परवा साताऱ्यात एका विज्ञान प्रदर्शनात मुलांनी क्लाउड चेंबर, म्हणजे न दिसणाऱ्या कणांचा माग दाखवणारी पेटी, मांडलं होतं. माशांची काचेची पेटी, खाली ड्राय आइस, वर अल्कोहोलमध्ये भिजवलेलं फेल्ट. टॉर्च आडवा धरला की पांढरी रेघ उमटते आणि बघता बघता विरते. "आत काही किरणोत्सारी ठेवलंय का?" एका पालकांनी विचारलं. काहीच नव्हतं.

शंभर वर्षांपूर्वी शास्त्रज्ञही असेच बुचकळ्यात पडले होते. सुवर्णपत्र विद्युतदर्शी हे विद्युतभार ओळखणारं साधं उपकरण. ते भारित केलं की त्यातले सोन्याचे पातळ पत्रे फाकतात; पण कितीही बंदोबस्त करा, ते हळूहळू मिटतातच. हवेतून भार गळत होता, आणि हवेला वाहक बनवण्याचा आळ आला जमिनीतल्या किरणोत्सारावर. मग वर गेलं की गळती कमी व्हायला हवी. १९१० साली जर्मन भौतिकशास्त्रज्ञ थिओडोर वुल्फ आयफेल टॉवरवर चढला, तर घट अपेक्षेपेक्षा बरीच कमी. पुढच्या वर्षी इटालियन भौतिकशास्त्रज्ञ पाचिनीने उपकरण समुद्रात बुडवलं, तिथे गळती घटली; म्हणजे सगळा दोष जमिनीचा नव्हता. त्याचं नाव मात्र मागेच राहिलं.

७ ऑगस्ट १९१२ रोजी ऑस्ट्रियन भौतिकशास्त्रज्ञ व्हिक्टर हेस हायड्रोजनच्या फुग्यातून ५ किलोमीटरच्या वर गेला. महाबळेश्वरएवढ्या उंचीवर आकडे जमिनीवरच्याच आसपास होते. तेवढ्यावर उतरला असता तर हाती काहीच लागलं नसतं. वर मात्र ते चढतच गेले, म्हणजे किरण वरून, अवकाशातून येत होते. सूर्याचा संशय त्याने एप्रिलच्या ग्रहणातच फेडून घेतला होता: सूर्य झाकला तरी फरक नाही. १९३६ साली नोबेल मिळालं.

'किरण' हे नाव चुकून चिकटलं. हे मुख्यतः प्रोटॉन. हवेवर आदळून ते कणांचा पाऊस पाडतात. त्यातले म्यूऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनचे जड भाऊबंद, तळहातातून मिनिटाला शंभरेक जातात. मुलांच्या पेटीतल्या काही रेघा त्यांच्याच. म्हणूनच न्यूट्रिनो हा क्वचितच कशाला धडकणारा कण टिपायला, म्यूऑनच्या गर्दीपासून दूर, आपले शास्त्रज्ञ कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत उतरले. तिथे १९६५ साली, दोन किलोमीटरहून खोल, वातावरणात जन्मलेले न्यूट्रिनो सापडले.

ऊर्जेचं प्रकरण चक्रावणारं आहे. १९९१ साली अमेरिकेत युटामध्ये नोंदलेल्या एका कणात सुमारे ५० ज्यूल ऊर्जा होती, म्हणजे ताशी ९० किलोमीटरने टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूएवढी. तीही एका अणुकेंद्रकापेक्षा मोठ्या नसलेल्या कणात! कमी ऊर्जेच्या कणांना फुटलेल्या ताऱ्यांच्या अवशेषांत वेग मिळतो, याचे पुरावे आहेत. हे महाबली मात्र आपल्या आकाशगंगेबाहेरचे असावेत. २०२१ साली युटातच असाच एक टिपला गेला. तो आला त्या दिशेला पाहिलं, तर तिथे जवळजवळ रिकामं आकाश.