कॅल्डबेक फेल्स: शिसे-तांब्याचे डोंगर आणि एका संग्रहाचा वाद

इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टच्या उत्तर टोकाला, कॅल्डबेक गावाच्या दक्षिणेला कॅल्डबेक फेल्स हे डोंगर आहेत. पर्यटकांची गर्दी असते ती तळ्यांच्या काठी, इकडे फारसे कोणी फिरकत नाही. खाणपट्टा एवढा लहान की तो एका दिवसात पायी पालथा घालता येतो. तरी रफटन गिल, सिल्व्हर गिल, रेड गिल, ड्राय गिल, ड्रिगिथ ही इथल्या ओढ्या-खाणींची नावे जगभरच्या संग्रहालयांत लेबलांवर वाचायला मिळतात. ‘कॅल्डबेक आणि त्याचे डोंगर म्हणजे उरलेल्या सगळ्या इंग्लंडच्या मोलाचे’ अशी तिकडे जुनी म्हण आहे. ती धातूंवरून पडली. आज या डोंगरांचे मोल आहे ते मात्र धातू कुजून तयार झालेल्या रंगीत खनिजांमुळे.

शिसे-तांब्याच्या शिरा मुख्यतः ऑर्डोव्हिशियन काळातल्या (सुमारे 45 कोटी वर्षांपूर्वीच्या) ज्वालामुखी खडकांतून आणि कॅरॉक फेल या डोंगराच्या गॅब्रो व ग्रॅनोफायर या अग्निजन्य खडकांमधून जातात. दक्षिणेकडे स्किडॉचे पाटीचे खडक लागतात आणि त्यांच्याखाली सुमारे 40 कोटी वर्षांपूर्वीचा ग्रॅनाइट आहे. ग्रेन्सगिलपाशी तो उघडा पडला आहे. त्याच्या उष्ण द्रावांतून उत्तर-दक्षिण जाणाऱ्या टंगस्टनच्या शिरा तयार झाल्या. शिसे-जस्ताच्या शिरा साधारण पूर्व-पश्चिम जातात आणि कॅरॉक खाणीत त्या टंगस्टनच्या शिरांना सरळ छेदतात. छेदणारी शीर नंतरची, एवढे तिथे डोळ्यांनीच दिसते. शिसे-जस्ताच्या शिरा कार्बोनिफेरस काळाच्या (सुमारे 36 ते 30 कोटी वर्षांपूर्वीच्या) सुरुवातीच्या मानल्या जातात, म्हणजे ग्रॅनाइट थंड होऊन कोट्यवधी वर्षे उलटल्यानंतरच्या. तांबे या दोन्हींच्या आधीचे असावे असा आजचा कल आहे. थोडक्यात, एकाच डोंगरात तीन वेगवेगळ्या काळांत धातू आले. ‘सगळे ग्रॅनाइटनेच आणले’ हे जुने सोपे उत्तर आता टिकत नाही.

खाणकामाची नोंदलेली सुरुवात 1560च्या दशकात होते. राणी पहिल्या एलिझाबेथने जर्मन खाणकामगार बोलावले आणि ते जवळच्या केझिक गावाला येऊन राहिले. सुरुंगाची दारू खाणीत येण्याआधीचा तो काळ, त्यामुळे बोगदा हातोडी-छिन्नीने कोरायचा. माणूस जेमतेम मावेल एवढाच: पायाशी आणि डोक्याशी अरुंद, खांद्यापाशी रुंद, उभ्या शवपेटीच्या आकाराचा. भिंतींवर छिन्नीचे तिरपे ओरखडे अजून मोजता येतात. 1568 मध्ये जवळच्याच न्यूलँड्स खोऱ्यातल्या तांब्यावरून एका सरदाराचा राणीशी खटला झाला. तांब्या-शिशात सोने-चांदी असेल तर खाण राजसत्तेची, असा निकाल लागला. शिशाच्या धातुकात थोडीफार चांदी बहुधा असतेच, त्यामुळे हा नियम देशभरच्या जमीनमालकांना जाचक ठरला. तो सैल व्हायला 1689 आणि 1693चे कायदे यावे लागले.

त्यानंतरचा मोठा काळ म्हणजे 19वे शतक. रफटन गिलमधून शिसे, तांबे आणि थोडी चांदी निघाली. पुढे परदेशी शिशाने भाव पाडले आणि शतक संपेपर्यंत शिशाचे काम आटोपले. बराइट हे जड खनिज 1960च्या दशकापर्यंत निघत राहिले. कॅरॉकच्या टंगस्टनला पहिल्या महायुद्धात मागणी आली, भाव पडला की खाण बंद, चढला की पुन्हा सुरू, असे चालले आणि 1981 मध्ये तीही कायमची थांबली. डेव्हन-कॉर्नवॉल सोडले तर ब्रिटनमध्ये टंगस्टन काढणारी ही एकच खाण होती.

आता मुद्द्याच्या खनिजांकडे येऊ. पावसाचे पाणी आणि हवा गॅलिना (शिशाचे सल्फाइड) व चाल्कोपायराइट (तांबे-लोखंडाचे सल्फाइड) यांच्यापर्यंत पोचली की सल्फाइड मोडतात आणि सुटलेले शिसे-तांबे नव्या जोडीदारांशी बांधले जाते. फॉस्फेट मिळाले तर हिरवे पायरोमॉर्फाइट, आर्सेनेट मिळाले तर मिमेटाइट. ड्राय गिलचे नारिंगी मिमेटाइट पिंपासारख्या फुगीर स्फटिकांत येते. काळ्या मँगनीज ऑक्साइडवर बसलेले ते स्फटिक एकदा पाहिले की दुसऱ्या कुठल्या ठिकाणाशी गल्लत होत नाही. शिसे आणि तांबे एकाच थेंबात भेटले तर गडद निळे लिनाराइट किंवा हिरवट निळे कॅलेडोनाइट बनते. लिनाराइट आणि अॅझुराइट (तांब्याचे निळे कार्बोनेट) दिसायला जुळे. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की अॅझुराइट फसफसते. लिनाराइट फसफसत नाही, त्याचा पृष्ठभाग पांढरा पडतो.

ही यादी हौशी संग्राहकांपुरती नसते. कोणते खनिज कुठे आहे त्यावरून तिथले पाणी किती आम्ल होते, त्यात क्लोरीन, फॉस्फरस, आर्सेनिक किती होते, हे ठरवतात. म्हणून यादीत एक खोटे नाव शिरले की पुढचा सगळा हिशेब चुकतो. आणि इथे एक नाही, अनेक खोटी नावे शिरली.

1950च्या दशकात एका नावाजलेल्या संग्राहकाने कॅरॉक, ड्रिगिथ, सँडबेड वगैरे खाणींतून दुर्मीळ खनिजांचे शोध जाहीर केले. ते प्रतिष्ठित नियतकालिकात छापून आले. 1968 मध्ये तो वारला आणि संग्रह लंडनच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेला. तीस वर्षांनी, 1990च्या दशकाच्या अखेरीस, तपासणीत उघड झाले की कितीतरी नमुने दुसऱ्याच ठिकाणांचे, जुन्या संग्रहांतले किंवा परदेशातले होते आणि त्यांना ब्रिटिश खाणींची लेबले चिकटवली होती. इतकी वर्षे हे पचले, कारण खाणी बंद होत्या, ‘तो कोपरा आता ढासळला’ म्हटले की पडताळणी संपायची आणि अशी खनिजे खरोखरच एखाद्या मुठीएवढ्या पोकळीत सापडून संपू शकतात.

पेच पुढे आला. त्याच्या संग्रहात अस्सल नमुनेही होते, तो डोंगरांत खरोखर फिरलेला होता. मग एकेक नमुना तपासून खरे ठेवायचे की सगळ्याच नोंदी बाद करायच्या? नंतरच्या यादीकारांनी कठोर वाट धरली: दुसऱ्या कोणी स्वतंत्रपणे शोधून दाखवेपर्यंत त्याची एकही नोंद धरायची नाही. काहींना हे अति वाटते, खऱ्या शोधांवर अन्याय वाटतो. मला हाच निर्णय योग्य वाटतो. प्रयोगशाळा खनिज ओळखून देते. ते कोणत्या खाणीतून आले हे बहुतेक वेळा फक्त ते उचलणाऱ्यालाच माहीत असते. त्याचा शब्द एकदा खोटा निघाला की उरलेल्या लेबलांना आधारच राहत नाही. सह्याद्रीच्या खडकांतल्या झिओलाइट खनिजांवर ‘पूना’ लिहिलेली जुनी लेबले पाहिलेल्यांना ठिकाण ढोबळ राहिल्याने काय होते ते ठाऊक आहे. तिथे निदान फसवणुकीचा हेतू नव्हता.

पण स्वतंत्र पडताळणी करायची तर नव्याने नमुने गोळा करावे लागतात आणि तिथे दुसरी अडचण येते. 1951 पासून हा सगळा भाग राष्ट्रीय उद्यानात आहे आणि कॅल्डबेक फेल्सवर खनिजे गोळा करायला परवाना लागतो. संग्राहकांचे म्हणणे, टाकाऊ दगडांच्या ढिगांतले स्फटिक पावसात झिजून जातात, ते उचलले नाहीत तर कोणालाच मिळणार नाहीत. संवर्धनवाल्यांचे म्हणणे, हे ढीग हाच खाणकामाचा पुरावा आहे, शिवाय काही खनिजे खाण बंद पडल्यावर या ढिगांमध्येच तयार झाली आहेत, तेव्हा ते उपसले तर तीही नोंद जाते. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. परवाना असावाच, पण त्यासोबत प्रत्येक नमुन्याची जागा, तारीख आणि छायाचित्र जमा करण्याची अटही असावी. बाद केलेल्या नोंदींपैकी एखादी परत यादीत घ्यायची झाली तर तोच कागद लागणार आहे.